पिवळ्या पेटीतला टेस्टर

जळगाव
८ सप्टेंबर २०२४

आबा,

नमस्कार. माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि माईंना सांगावं तर त्या तुम्हाला ओरडून सांगणार, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना कळणार. तुमच्याशी फोनवर बोलणं एकट्या मालालाच जमायचं. तिचा आवाज तुमच्यापर्यंत कसा पोचायचा ते मला कधी कळलं नाही. म्हणून लिहितो.

जुनं घर मी गेल्या महिन्यात सोडलं. ती गेल्यापासून तिथे राहणं होत नव्हतं. शाळेच्या मागच्या बाजूला एक खोली मिळाली आहे. शाळेच्या ऑफिसातून पाच मिनिटांत घरी येतो. खोली बरी आहे, पण दाराची कडी चौकटीतल्या भोकात बसत नाही, मोरीतला नळ सतत गळतो आणि खिडकीचं एक दार बिजागरीतून निखळलं आहे. घरमालक म्हणाला, तेवढं तुमचं तुम्ही बघून घ्या. सुताराला दोनदा सांगून आलो, तो काही आला नाही.

चार वर्षांच्या संसारात मी घरात एक खिळासुद्धा ठोकला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मिक्सर बंद पडला. मी तो पिशवीत घालून दुकानात न्यायला निघालो, तर मालाने माझ्या हातून काढून घेतला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मला चहा ठेवायला सांगितला. चहाला उकळी येईपर्यंत मिक्सर फिरायला लागला होता.

आता घरातल्या किरकोळ दुरुस्तीपुरती हत्यारं घ्यावीत असं मनात आहे. फार महागाची नकोत. कोणती घेऊ, सुटी घेऊ की तयार संच, एवढं कळवाल का? माईंच्या गुडघ्याचं कसं आहे तेही कळवा.

आपला
कुंदन


शिंदखेडा
१७ सप्टेंबर २०२४

कुंदनराव,

पत्र पोचलं. भिकुबाईनं माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. तिचा गुडघा आहे तसाच आहे. तिचं दुखणं आता गुडघ्यात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ते घर सोडलंत हे बरं केलं.

हत्यारांचं विचारलंत, पण आधी मला सांगा, मालाची ती पिवळी पेटी कुठे आहे? फेब्रुवारीत तिच्या वाढदिवसाला तुम्ही मागवली होती ती. त्या दिवशी तिने फोनवर मला एकेक नग वाचून दाखवला होता. मार्चमध्ये पुतणीच्या लग्नाला आली तेव्हा माझी जुनी पक्कड आणि टेस्टर परत घेऊन आली. म्हणाली, आबा, मला आता माझा संच आहे, हे तुमच्या दुकानात राहू द्या. तिच्या लग्नात मी भांड्यांबरोबर दिलेली ती हत्यारं. दिलेलं परत घेणं जिवावर आलं होतं, पण तिचा आनंद बघून ठेवून घेतली.

तुम्ही पेटीचं काही लिहिलं नाही. त्या पेटीला हात लावायची तुमची हिंमत होत नसेल. समजतं मला. माझीही झाली नसती.

नवी घ्यायची तर तयार संच घेऊ नका. पेटी दिसायला छान असते, आत पंचवीस-तीस नग असतात, त्यातले पाच-सहा कामाचे, आणि त्यांचंही पोलाद मऊ. मालाला मी हे बोललो नव्हतो, तुम्ही हौसेनं दिलेली वस्तू होती. स्वस्तात भागवायचं असेल तर नग कमी घ्या, हलके घेऊ नका. एक आठ इंची पक्कड. एक पेचकस, ज्याचं पातं काढून उलटं बसवता येतं तो, म्हणजे चपटा आणि चौफुली दोन्ही कामं होतात. तोंड कमीजास्त होतं तो एक स्क्रू पाना. लाकडी दांड्याची हातोडी, अर्ध्या किलोच्या आतली. मोजायची टेप. नळाला बहुतेक वॉशर लागेल, जुना काढून तोच दुकानात दाखवा. कडीचं भोक वर-खाली झालं असेल, चौकटीतली पट्टी काढून पाव इंच सरकवा, नवी कडी घेऊ नका.

आणि एक टेस्टर. तो दुकानात जाऊन, दुकानदाराच्या बोर्डात लावून, पेटतो ते बघूनच घ्या. वापरायची रीतही लिहून ठेवतो. आधी चालू सॉकेटमध्ये घालून दिवा लागतो ते बघायचं. मग वस्तूच्या अंगाला तीन ठिकाणी लावायचा. दिवा लागला नाही तरच हात.

ही रीत माझ्या पोरीला सातवीत असल्यापासून पाठ होती. माझ्या दुकानात स्टुलावर बसून तिने जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या आहेत, मोठी माणसं बघायला उभी राहायची. आणि तीच पोरगी कूलरच्या पत्र्याला न तपासता हात लावते. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती, तिने टेस्टर लावला होता का. तुम्ही मानेनं नाही म्हणालात. लोक म्हणतात रडा म्हणजे मोकळं वाटेल. मला रडू येत नाही, कुंदनराव, मला तिचा राग येतो. दुकानात कुणी कूलर घेऊन आलं की मी सांगतो, तपासल्याशिवाय हात लावू नका, माझी स्वतःची पोरगी तशी गेली.

हे कुणाला बोललो नव्हतो. लिहिता लिहिता निघून गेलं.

आपला
हिलाल


जळगाव
२ ऑक्टोबर २०२४

आबा,

तुमच्या पत्राप्रमाणे पक्कड, पेचकस, पाना, हातोडी आणि टेप आणली. इथे एक रतनलाल म्हणून वयस्कर दुकानदार आहेत, त्यांना तुमचं पत्रच वाचून दाखवलं. त्यांनी सगळं काढून दिलं आणि लिहिणाऱ्याला काम कळतं एवढं म्हणाले.

नळाचा वॉशर मी स्वतः बदलला. पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा राहून गेला, त्यामुळे अंघोळ झाली, पण नळ गळायचा थांबला. कडीला दोन सुट्ट्या लागल्या. पट्टी थोडी तिरपी बसली आहे, पण आता दार आतून लागतं. खिडकी तशीच आहे.

पिवळी पेटी पलंगाखाली आहे. ती उघडावीशी वाटत नाही.

आबा, एक विनंती करतो. मालावर रागावू नका. तिची चूक नव्हती. वेळच तशी होती, नशिबात होतं, असंच म्हणायचं. आणि दुकानात येणाऱ्या माणसांना तिचं उदाहरण देऊ नका. तिला ते आवडलं नसतं.

माईंना सांगा, त्यांनी पाठवलेलं लोणचं संपत आलं आहे. रोज खातो.

आपला
कुंदन


शिंदखेडा
१४ ऑक्टोबर २०२४

कुंदनराव,

नशिबाचं मला सांगू नका. चाळीस वर्षं विजेचं काम केलं, तिच्यात नशीब नसतं. तपासलं तर माणूस वाचतो, नाही तपासलं तर जातो. तुम्ही नवरा आहात, तिची बाजू घेता, ते तुम्हाला शोभतं. मी तिचा बाप आहे आणि तिला शिकवणारा पण आहे. शिकवणाऱ्याला वेगळं लागतं.

तुम्हाला खरं सांगतो. तिचा फोटो मोठा करून आणला त्याला चार महिने झाले. भिकुबाई रोज म्हणते भिंतीवर लावा. मी लावला नाही, तो कापडात बांधून धान्याच्या कोठीमागे ठेवला आहे. भिंतीवरून ती रोज माझ्याकडे बघणार आणि मी तिला रोज तेच विचारणार. या घरात तिचं नाव काढायचं नाही असं मी भिकुबाईला सांगून ठेवलं आहे. ती मोरीत पाणी सोडून रडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही म्हणजे कळतही नाही.

तुम्ही आणलेल्या हत्यारांत टेस्टर नाही, ते माझ्या लक्षात आलं. तुम्हाला तो विकत घेववला नसेल. म्हणून मालाने परत दिलेला माझा टेस्टर आणि पक्कड एसटीच्या पार्सलनं पाठवतो आहे. टेस्टर जुना आहे, मूठ काळी पडली आहे, पण तीस वर्षांत तो एकदाही खोटं बोललेला नाही. ती हत्यारं तिचीच होती, तुमच्याकडे राहू द्या. खिडकीचं दार लवकर बसवून घ्या, थंडी येते आहे.

दिवाळीला या म्हणून भिकुबाई सांगते.

आपला
हिलाल


जळगाव
२९ नोव्हेंबर २०२४

आबा,

तुमचं पार्सल मिळून सहा आठवडे झाले. पोच दिली नाही, दिवाळीला आलो नाही, माईंचे दोन फोन उचलले नाहीत. पार्सल मी सोडलं, तुमचा टेस्टर बघितला आणि पुन्हा बांधून ठेवला. या पत्राबरोबर तो परत पाठवतो आहे. तो माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. का ते आता लिहितो. हे पत्र माईंना वाचून दाखवायच्या आधी तुम्ही एकट्याने वाचा.

व्हरांड्यात तुम्ही मला विचारलं होतं आणि मी मान हलवून नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं. मालाने टेस्टर लावला होता.

आदल्या संध्याकाळी कूलरला हात लागला तेव्हा मला झिणझिण्या आल्यासारखं वाटलं होतं. ते मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, २१ मेला, सकाळी तिने पेटी काढली. मी दारात उभा होतो, हातात डबा होता, शाळेत निघालो होतो. तिने आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग कूलर चालू केला आणि पत्र्याला टेस्टर लावला, वर एकदा, बाजूला एकदा, खाली टाकीजवळ एकदा. दिवा लागला नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा, काही नाही. तुम्हाला उगीच वाटलं.”

पाण्याची मोटर फिरते का ते तिला बघायचं होतं, म्हणून तिने कूलर चालूच ठेवला आणि बाजूची जाळी काढायला हात घातला. रात्री पाणी भरताना थोडं सांडलं होतं, ती त्यात गुडघा टेकून बसली होती. मी मेन स्विचपर्यंत पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे.

तो टेस्टर पिवळ्या पेटीतला होता. पेटी मी निवडली होती. मोबाइलवर तीन संच दिसत होते. मी सगळ्यांत स्वस्त घेतला, कारण त्यात नगही जास्त होते. मला वाटलं, जास्त नग बघून ती खूश होईल. झालीही.

तेराव्यानंतर मी तो टेस्टर सॉकेटमध्ये घालून बघितला. लागला. पुन्हा घातला, नाही लागला. पुन्हा, नाही. मग एकदा लागला. मी तो पेटीत टाकला आणि पेटी बंद केली.

पण दवाखान्यात तुम्ही विचारलं तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. मग मी खोटं का बोललो? तेव्हा एवढंच कळत होतं की दिवा लागला नव्हता आणि ती गेली, म्हणजे टेस्टरमध्येच काहीतरी असणार, आणि टेस्टर मी आणलेला. तुम्ही सगळ्यांच्या देखत विचारलंत. तुमच्या नजरेला नजर देऊन हे सांगणं मला जमलं नाही. मान हलवायला काही लागत नाही, आबा. ती आपोआप हलली. नंतर पोलिसांनी विचारलं, तेव्हा तेच सांगितलं. मग शेजाऱ्यांना. मग तेच खरं असल्यासारखं मीच ऐकायला लागलो.

तुम्ही तिच्यावर रागावला आहात हे मला सप्टेंबरपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं तुम्ही फक्त दुःखात आहात. हत्यारांचं निमित्त काढून मी पहिलं पत्र लिहिलं, ते खरं तर हेच सांगायला. जमलं नाही. तुमचं उत्तर आल्यावर सांगणं जास्तच कठीण झालं. मग तुम्ही तुमचा टेस्टर पाठवला.

तिने तुमची रीत एका अक्षरानेही मोडली नव्हती. तिची चूक नव्हती असं मी मागे लिहिलं ते तिची बाजू घेऊन नव्हे, ते खरं होतं. पुढचं खरं मी लिहिलं नाही.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू?

कुंदन


शिंदखेडा
२६ जानेवारी २०२५

कुंदनराव,

पत्र ५ डिसेंबरला मिळालं होतं. उत्तर द्यायला बावन्न दिवस लागले.

दहा दिवस ते दुकानाच्या गल्ल्यात ठेवलं होतं. मग भिकुबाईला समोर बसवून वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं, काही गाळलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाली, “मनी पोर चुकनी नव्हती.” मग पुन्हा एकदा तेच म्हणाली, माझी पोर चुकली नव्हती. नंतर घरात, मोरीत न जाता, माझ्यासमोर बसून मोठ्यानं रडली. शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं आणखी कुणी गेलं.

पिवळ्या पेटीतला तो टेस्टर मला पाठवा. पेटी नको, फक्त टेस्टर. पुसू नका, उघडू नका, आहे तसा पाठवा.

हिलाल


जळगाव
१ फेब्रुवारी २०२५

आबा,

पाठवतो आहे. उघडलेला नाही.

परवा मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. माझा जबाब चुकीचा होता असं सांगितलं. तिथल्या साहेबांनी फाईल काढायला लावली, मला नव्याने लिहून द्यायला सांगितलं आणि मी दिलं. पुढे काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जुन्या घराशेजारी वच्छलाबाई राहतात, माला त्यांचे पंखे दुरुस्त करून द्यायची. त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. पाणी प्यायलो आणि निघालो.

कुंदन


शिंदखेडा
३ मार्च २०२५

कुंदन,

आजवर तुला अहोजाहो केलं. जावई म्हणून करायचंच असतं. आज माझ्याकडून होत नाही.

टेस्टर दुकानातल्या बोर्डावर वीस वेळा लावला. सात वेळा दिवा लागला, तेरा वेळा नाही. मग उघडला. आतली स्प्रिंग केसासारखी बारीक आणि आखूड होती. हातात सरळ धरला की टेकते, जरा तिरपा धरला की सुटते. सॉकेटमध्ये तो सरळ जातो. पत्र्याला लावताना तिरपाच धरावा लागतो. मी स्वतः त्या जागी असतो तरी मला कळलं नसतं. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, वस्तू उघडून बघितली आणि आत जे दिसलं ते लिहितो आहे.

तेव्हा स्वस्त संच घेतलास याचा दोष मी तुला देत नाही. घरोघरी माणसं तेच घेतात. तिने फोनवर नग वाचून दाखवले तेव्हा मला म्हणता आलं असतं की बाकी वापर, पण टेस्टर माझाच ठेव. जावयाला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही. ते माझ्याकडे राहील, मला पुरेल मरेपर्यंत.

पण दुसरी गोष्ट तुझी आहे. टेस्टर खराब आहे हे तुला माहीत नव्हतं. तिने तो लावला होता, हे माहीत होतं. सहा महिने मी माझ्या मेलेल्या पोरीवर रागावलेला होतो. तिच्या तेराव्याला मी जेवलो नाही ते दुःखानं नव्हे, रागानं. तिचा फोटो कोठीमागे, तिच्या आईच्या तोंडावर मी कुलूप लावलेलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी पोरगी कशी बेफिकीर होती ते सांगत बसलेलो. बापाला पोरीसाठी रडायचे पहिले दिवस असतात. माझे ते दिवस तू नेलेस. ते आता कुठून आणू?

मी ज्यांना ज्यांना बोललो होतो त्यांची नावं आठवून आठवून काढली. एकोणीस माणसं आठवली. रोज सायकलवर दोन-तीन घरं केली. एकेकाला सांगितलं, माझ्या मालाने तपासलं होतं, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. काही जणांना आठवतही नव्हतं. एक जण म्हणाला, आबा, बसा, चहा घ्या. नवल टेलर मात्र उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले, कारण तिने पोरगी असताना त्याची शिलाई मशीन नीट करून दिली होती. तिथे मला रडू आलं. नऊ महिन्यांनी, परक्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

फोटो लावला आहे. खिळा मीच ठोकला.

तू इतक्यात येऊ नकोस. तू आलास तर काय बोलशील, आणि मी काय बोलेन, याचा मला भरवसा नाही. तू ठाण्यात जाऊन आलास हे वाचलं. बरं केलंस.

हिलाल


जळगाव
१६ मार्च २०२५

आबा,

तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही.

येणार नाही. पण पत्र लिहायची परवानगी असू द्या. तिच्याबद्दल मी बोलू शकेन असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. शाळेत सगळे जपून वागतात, तिचं नाव निघालं की विषय बदलतात. काल शाळेतली विजेची घंटा बंद पडली होती. हेमांगी मॅडम चुकून म्हणाल्या की तुमची दीपमाला असती तर, आणि तोंडावर हात ठेवून निघून गेल्या. मला त्यांना सांगायचं होतं की थांबा, पुढे बोला.

ती झोपेत कधी कधी हातांनी तार गुंडाळल्यासारखं करायची. हे तुम्हाला माहीत होतं का? विचारायचं राहून गेलं होतं.

कुंदन


शिंदखेडा
२१ एप्रिल २०२५

कुंदन,

माहीत होतं. दुकानातून घरी आली की लहानपणापासून करायची. भिकुबाईनं ते तुझ्या पत्रातून ऐकलं तेव्हा बराच वेळ स्वतःच्या हातांनी तसं करून बघत बसली.

पुढच्या बुधवारी अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. गल्लीत झोके बांधायला सुरुवात झाली, सासरी गेलेल्या लेकी एकेक करून येत आहेत. आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं घागरही याच दिवशी भरतात. आमच्या घरात यंदा दोन्ही एकाच नावानं आहे. भिकुबाई कुंभाराकडून घागर आणून मोकळी झाली. आंबे, सांजोऱ्या, सगळ्याची तयारी तिने काढली. मी म्हटलं, घागर सासरी भरतात, ती आपण भरायची नसते. तर म्हणते, “कुंदनले बलाई ल्या. त्यानी भरू दे, पन आठे भरू दे.” म्हणजे तुला बोलवायचं, तू भरायची, पण इथे आपल्या घरात.

तिसऱ्या दिवशी ती मला पुन्हा म्हणाली, तुम्हाला तुमचा राग आहे, तो ठेवा. माझी पोरगी माहेरी येणार आहे, तिला आणायला तिच्या नवऱ्याशिवाय कोण आहे?

तेव्हा हे लिहितो. मंगळवारी सुरतकडे जाणारी गाडी धर आणि शिंदखेड्याला उतर. स्टेशनवर मी येईन. रिक्षात आपण बोलू किंवा नाही बोलू. घरी गेल्यावर भिकुबाई रडेल, तिला रडू दे, मधे पडू नकोस. सकाळी तू अंघोळ करून घागर भरशील, मी तुझ्या शेजारी बसेन.

मी तुला माफ केलेलं नाही. ते होईल का, केव्हा होईल, मला सांगता येत नाही. पण ते होईपर्यंत थांबलो तर पोरीची घागर तशीच रिकामी राहील. तू ये.

आबा